जड पाण्याची वही

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

गिझर पुन्हा बंद. दोन वर्षांतलं हे तिसरं एलिमेंट. प्लंबरदादांनी ते बाहेर काढलं तेव्हा मी मुद्दाम शेजारी उभी राहिले. वेटोळी नळी दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरट दगड बसला होता आणि टाकीच्या तळातून दोन वाट्या भरतील एवढे पापुद्रे निघाले. "वहिनी, किनाऱ्याकडच्या घरांत हे असंच," दादा म्हणाले. "वर सड्याकडच्या वाडीत दहा वर्षांचं एलिमेंट बघितलंय मी, नव्यासारखं."

ते दिवसभर डोक्यात राहिलं. गाव एकच, खाली किनारा, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मध्ये जेमतेम दीड किलोमीटरचा चढ, आणि पाण्यात एवढं अंतर?

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेकशे पावलांवर. मागे नारळ-पोफळीचं आगर, आगरात विहीर, विहिरीवर एक एचपीचा पंप, न्हाणीच्या स्लॅबवर टाकी. घरातले सगळे नळ त्या टाकीवर. माणसं चार: आई (माझ्या सासूबाई), यजमान, नववीतली लेक आणि मी. हंगामात दोन खोल्या पर्यटकांना देतो. डाळ शिजत नाही, चहावर साय नसलेली साय येते, स्टीलच्या पेल्यांवर पांढरे ठिपके, शॉवरची भोकं बुजलेली, केस काथ्यासारखे. या सगळ्याला घरात एकच वाक्य आहे, "आपलं पाणी जड आहे."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. फळ्यावर 'दुष्फेन पाणी' लिहून झालं, कारणं लिहून झाली, पण घरच्या नळाचा आकडा कधी काढला नव्हता. आजपासून ही वही.

२३ नोव्हेंबर

शनिवारची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबले. ५० मिलिलिटर नळाचं पाणी, अमोनियाचं बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक रंग. पाणी द्राक्षाच्या रसासारखं लालसर झालं. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन) थेंबाथेंबानं. जोवर पाण्यात मोकळं कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे तोवर रंग हलत नाही. संपलं की एका थेंबात लालाचा निळा होतो. तो थेंब २४.५ मिलिलिटरवर पडला. ५० मिलिलिटरच्या नमुन्याला वीसनं गुणायचं, म्हणजे लिटरमागे ४९० मिलिग्रॅम कठीणपणा (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम), कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. तीनदा केलं. ४९०, ४८६, ४९०.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५००:२०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. आम्ही त्या दुसऱ्या मर्यादेच्या उंबऱ्यावर आहोत.

तेच पाणी वीस मिनिटं उकळलं, गार केलं, गाळलं, आटलेलं ऊर्ध्वपातित पाण्यानं भरून काढलं आणि पुन्हा मोजलं. २१०. म्हणजे २८० हा तात्पुरता कठीणपणा, जो उकळल्यावर खाली बसतो. गिझरमधला दगड म्हणजे हेच २८०. उरलेले २१० कितीही उकळा, जात नाहीत.

१ डिसेंबर, रविवार

लेकीला घेऊन सड्याच्या कडेच्या झऱ्यावर गेले. जांभ्याच्या कपारीतून अंगठ्याएवढी धार येते. दोन कॅन भरून आणले. त्याचा आकडा २८. मी ब्युरेट पुन्हा धुऊन पुन्हा मोजलं, २८च.

मग घरी डाळीचा प्रयोग. तीन सारखी पातेली, प्रत्येकात पाव वाटी तूरडाळ, एकाच शेगडीवर पाळीपाळीनं, कुकर नाही, मीठ नाही, हळद नाही. पहिल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात उकळून निवळलेलं, तिसऱ्यात झऱ्याचं. झऱ्याच्या पाण्यातली डाळ पस्तीस मिनिटांत बोटानं चेपली गेली. निवळलेल्यातली पन्नासाव्या मिनिटाला. नळाच्या पाण्यातली सत्तर मिनिटं झाली तरी मधोमध कणी. डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना धरून असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, म्हणून पाणी आत गेलं तरी दाणा उकलत नाही. खाण्याचा सोडा घातला की डाळ लवकर मऊ होते हे सगळ्याच घरांत माहीत आहे, पण चव साबणासारखी लागते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन त्यात नासतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो.

आई पाटावर बसून बघत होत्या. तिसऱ्या पातेल्यातला दाणा चेपून म्हणाल्या, "अगो, पूर्वी आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ अशीच शिजायची. रहाट होता तेव्हा."

मी तेव्हा हे आठवणीतलं गोड बोलणं समजले. तरी लिहून ठेवते.

१५ डिसेंबर

जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून कागद आला. एकूण कठीणपणा ४९६ (माझ्या ब्युरेटचा अभिमान वाटला), अल्कता २८८, क्लोराइड (मिठातला घटक) ३१०, विरघळलेले क्षार ८७०, पीएच ७.७. जिवाणू नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचं.

आता सड्याचं आणि किनाऱ्याचं कोडं. सडा म्हणजे जांभा. लाखो वर्षांच्या पावसानं त्या खडकातलं कॅल्शियमचं अंग केव्हाच धुऊन नेलं आहे. उरले लोह आणि ॲल्युमिनियम. तिथून झिरपणाऱ्या पाण्याला विरघळवायला चुना सापडतच नाही, म्हणून २८. आमचं आगर मात्र शिंपल्यांच्या वाळूवर उभं आहे, आणि खाली काही हातांवर करल लागते, म्हणजे तीच वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्यानं सांधून झालेला दगड. विहीर खणताना निघालेली करल अजून गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, लावलेली आहे. हात फिरवला की शिंपल्याच्या कडा लागतात. पावसाचं पाणी मातीतून जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि वाटेतला शिंपला खात खात विहिरीत येतं. गिझरमध्ये तापलं की वायू उडून जातो आणि शिंपला परत दगड होऊन बसतो. आमच्या एलिमेंटवरचा थर हा समुद्रकिनाराच आहे, फक्त दुसऱ्यांदा जमलेला.

पण क्लोराइड ३१०, हे शिंपल्याचं नाही. त्याचं उत्तर अजून नाही माझ्याकडे.

२८ डिसेंबर

पाणी मऊ करण्याचं यंत्र विकणारे एक गृहस्थ आले होते. माणूस सभ्य, माहितीही होती. यंत्रात राळेचे मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे. विज्ञान बरोबर आहे, काम चोख करतं. शहरात फ्लॅटमध्ये असते तर घेतलंही असतं.

मग हिशोब मांडला. आमचा वापर दिवसाला ८०० लिटर. त्यातला कठीणपणा ३९२ ग्रॅम. तो काढायला कागदावर रोज साधारण ४६० ग्रॅम मीठ लागतं, प्रत्यक्षात मणी नीट धुवायचे तर त्याच्या दुपटीच्या आसपास. वर्षाला तीनशे किलोंच्या पुढे. ते खारं पाणी जाणार कुठे? आमच्याकडे गटार नाही, सांडपाणी पोफळींच्या आळ्यात जातं. नारळ थोडं खारं सोसतो, पोफळ सोसत नाही. शिवाय कठीणपणाच्या दर १०० मागे लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. आमच्या पाण्यात ते सव्वादोनशेच्या वर जाईल, आणि आईंना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेलं आहे. नाही म्हटलं.

त्यांनी मग पाइपवर बसवायचा चुंबकाचा संच दाखवला. त्यातून गेलेल्या पाण्याचा आकडा मी त्यांच्यासमोरच काढून दाखवला, ४९० चा ४९०. थर कमी बसतो असा त्यांचा दावा होता. त्याला भरवशाचा पुरावा मला वाचनात सापडला नाही.

शेजारच्या काकींचा प्रश्न वेगळा आणि खरा होता: या पाण्यानं मुतखडा होतो का? त्यांच्या मुलाला झाला आहे. मी वाचलं ते सांगितलं. पाण्याच्या कठीणपणामुळे खडा होतो हे सिद्ध झालेलं नाही. कमी पाणी पिणं हे मात्र नक्की कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याच्या धास्तीनं मूल पाणीच कमी पीत असेल तर ते जास्त वाईट. काकी म्हणाल्या, "तो पाणी कमीच पितो हो."

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजचा प्रयोग मनापासून आवडला. १८४१ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या टॉमस क्लार्क या रसायनाच्या प्राध्यापकानं चुन्यानं पाणी मऊ करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. चुन्यामुळे जड झालेल्या पाण्यात आणखी चुना घालायचा, आणि दोन्ही चुने खाली बसतात! विरघळलेलं बायकार्बोनेट चुन्याच्या निवळीशी भेटलं की अविद्राव्य कार्बोनेट होतं. लेकीला हे पटेना, म्हणून करूनच बघितलं.

आमच्या तात्पुरत्या कठीणपणाच्या २८० ला लिटरमागे साधारण २०७ मिलिग्रॅम विरलेला चुना. दोनशे लिटरच्या पिंपाला ४१ ग्रॅम. पुडीतला कोरडा विरलेला चुना घेतला, खायच्या डबीतला नाही. पाणी दुधासारखं झालं, रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला मऊ पांढरा गाळ आणि वर काचेसारखं पाणी. आकडा २६५.

चुना दहा ग्रॅम जास्त झाला तर उलट पाणी जड होतं, पीएच चढतो, आणि रोज पिंपात हात घालून निवळ काढायला घरात कुणाला वेळ नाही. प्यायला तर नाहीच. प्रयोग म्हणून वर्गात दाखवणार, घरात चालवणार नाही.

कपड्यांना सोपा उपाय सापडला. वीस लिटरच्या बादलीत दहा ग्रॅम धुण्याचा सोडा आधी विरघळवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग साबण. तात्पुरता-कायमचा दोन्ही कठीणपणा सोडा खाली बसवतो. आधी साबणाचा पहिला भाग नुसता कॅल्शियमशी भांडण्यात जायचा आणि त्याचाच चिकट राखाडी लगदा कपड्यात अडकायचा. पांढऱ्या शर्टांचा मळकटपणा म्हणजे मळ नव्हता, साबण होता. रंगीत आणि रेशमी कपड्यांना हे करत नाही. आणि केसांसाठी आईंचं ऐकलं: शिकेकाई, रिठा. त्यातलं सॅपोनिन जड पाण्यातही फेस धरतं, लगदा करत नाही. दोन आठवड्यांत लेकीचे केस हाताला वेगळे लागायला लागले.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आल्यावर शॉवर, नळांच्या जाळ्या, चहाची किटली. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, तासभर भिजवणं, टूथब्रश. सगळं स्वच्छ निघालं.

आईंनी परसातली बिंबलीची आंबट फळं घासून बघितली, कारण तांब्या-पितळेला ती उत्तम. घंगाळ झळाळलं, पण नळावरचा पांढरा थर जागचा हलला नाही. त्याचं कारण आहे. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, आणि कॅल्शियमशी त्याचं न विरघळणारं ऑक्झॅलेट होतं. ते थरावरच कवच धरतं. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचं तसं होत नाही. कळवायची गोष्ट एकच: कुठलंही आम्ल ब्लीचिंग पावडरीबरोबर वापरू नये, विषारी क्लोरीन निघतो.

गिझरचं तापमान ७० वरून ५० वर आणलं. जितकं तापेल तितका थर जास्त.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

क्लोराइडचा प्रश्न सुटत नव्हता आणि आईंचं रहाटाचं वाक्य मनातून जात नव्हतं. म्हणून पहाटे सहाला, पंप लावण्याआधी, कळशीनं विहिरीतलं पाणी काढलं. मग पंप चालू केला आणि दर दहा मिनिटांनी टाकीच्या तोंडाशी बाटली भरली. प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांनी रविवारीही दिली, त्यांचे आभार.

पंपाआधी ४७०. दहा मिनिटांनी ४८०. वीस मिनिटांनी ५१०. तीस मिनिटांनी ५४५. चाळीस मिनिटांनी, टाकी भरताना, ५८०. शेवटच्या बाटलीचं पाणी जिभेला मचूळ लागलं. पंप बंद करून दोन तासांनी विहिरीतलं पुन्हा ५००.

विहीर तीच, सकाळ तीच, आणि चाळीस मिनिटांत ११० चा फरक!

किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. वाळूसारख्या सारख्या थरात नियम असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीस फूट गोडं पाणी तोलून धरलेलं असतं. याला गायबेन-हर्झबर्ग तत्त्व म्हणतात. आमच्या करलीत हिशोब तंतोतंत बसणार नाही, पण दिशा तीच. म्हणजे पंपानं विहिरीची पातळी झपाट्यानं एक फूट उतरवली की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढू लागतं. समुद्राच्या पाण्याचा कठीणपणा सहा हजारांच्या वर, त्यात मॅग्नेशियमच जास्त. आपल्या पाण्यात त्याचे शंभरात दोन भागसुद्धा मिसळले नसतील तरी ११० वाढतात. क्लोराइडचं उत्तरही इथेच.

ढोबळमानानं, उकळल्यावर जाणारा कठीणपणा शिंपल्याचा आहे आणि न जाणाऱ्यातला मोठा वाटा समुद्राचा. शिंपल्याचं मी काही करू शकत नाही. समुद्राला मात्र मीच रोज सकाळी पंप लावून बोलावत होते.

संध्याकाळी आईंना सांगितलं. त्यांनी सासऱ्यांच्या वेळचा रहाट सांगितला. एक बैल, लोट्यांची माळ, सकाळभर फिरायची. लोट्यातलं पाणी पन्हळीतून दोणीत, दोणीतून पाटानं आगरात. "पाणी दमानं यायचं. विहिरीची पातळी हललेली दिसायची नाही. मग १९८५ च्या सुमाराला इंजिन आलं, पुढे वीज. तेव्हापासनं तुझे सासरे म्हणायचे, विहीर रुसलीय."

डिसेंबरात मी ते वाक्य वहीत लिहिलं पण ऐकलं नव्हतं. सत्तरी पार केलेल्या बाईनं एका वाक्यात कारण सांगितलं होतं आणि मला अडीच महिने लागले.

२ मार्च

बदल केले. एक एचपीच्या जागी अर्ध्या एचपीचा पंप. टाकी एका दमात भरायची नाही. टायमर लावून दिवसातून चार वेळा बारा-बारा मिनिटं, मध्ये निदान चार तास. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून तीन फूट वर घेतला, म्हणजे वरचं गोडं पाणीच ओढलं जाईल. तळाला पाणी आहे म्हणून तिथवर जायचं नाही.

आगराचं शिंपणं हा खरा मोठा वापर. एक दिवसाआड दोन तास पंप चालायचा. यजमानांना पटवायला तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी ते फेब्रुवारीचे आकडे त्यांच्या हातात दिले, मग बोलले नाहीत. ठिबकच्या नळ्या टाकल्या, आळ्यांत झावळ्या आणि नारळाची सोडणं पसरली. पाणी निम्म्याच्या आसपास आलं. ठिबकच्या तोट्या आमच्या पाण्यानं बुजणारच, म्हणून महिन्यातून एकदा नळ्यांत आम्ल सोडावं लागेल. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

६ एप्रिल

पंपाआधी ५२०, बारा मिनिटांनंतर ५४०. उन्हाळ्यानं पायाच वाढला आहे, तो वाढणारच, पातळी उतरते. मागच्या वर्षीचे आकडे नाहीत म्हणून एकूण कमी झालं की नाही हे सांगता येत नाही. पण पंपानं पडणारी भर ११० वरून २० वर आली, एवढं स्वच्छ दिसतं.

११ मे

५६० आणि ५८५. सहाशेच्या आत राहिलो. पर्यटकांनी दोन्ही खोल्या भरलेल्या, तरीही.

पिण्या-शिजवण्याच्या पाण्यासाठी पाऊस धरायचं ठरवलं. झऱ्यावरून कॅन आणणं प्रयोगापुरतं ठीक. तो झरा वरच्या वाडीचा आहे, मे महिन्यात त्यांनाच पुरत नाही. आरओ यंत्राचाही विचार केला, पण ते एका लिटरमागे दोन-तीन लिटर टाकून देतं. जी विहीर मी मिनिटं मोजून उपसते तिचं पाणी असं टाकवत नाही.

हिशोब: डाळ-भात, चहा, पिणं मिळून दिवसाला १५ लिटर. दोन हजार लिटरच्या दोन टाक्या घेतल्या तर २६६ दिवस. ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सहज. टाक्या आल्या, चौथरा झाला. पन्हळी ५ जूनपर्यंत बसवून देतो असं सुतार म्हणाले.

२६ मे

पाऊस थांबला नाही कुणासाठी. २० मेपासूनच झोडपतोय. केरळात मान्सून २४ ला आला आणि आज मुंबईत पोहोचलासुद्धा. पन्हळी अजून सुताराच्या पडवीत. मेअखेरीस पन्हळी हव्यातच हे मला कळायला हवं होतं. जूनच्या सात तारखेवर विसंबले. चूक माझी.

मग पागोळ्यांखाली घंगाळ, भगोणी, कळश्या, जे सापडेल ते. लेक आणि मी ओल्याचिंब. पहिल्या दिवशीच्या पागोळीचा आकडा ६० आला आणि चव खारट. सहा महिन्यांचे वाऱ्यानं आलेले समुद्राचे तुषार कौलांवर वाळलेले होते, ते धुऊन आले. आज सातव्या दिवशीचा आकडा १२. मी आयुष्यात मोजलेलं सर्वांत मऊ पाणी.

त्या पाण्याचा चहा केला. रंग लालबुंद, वर तवंग नाही. आई कप हातात घेऊन बराच वेळ नुसत्या बघत होत्या.

१५ जून

पन्हळी बसल्या. मागच्या उताराचं कौलारू छप्पर ३५ चौरस मीटर आहे, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस पडला की ७०० लिटर. मधे चार इंची पाइप तीन मीटर उभा, खाली बूच. पहिलं धुणं, साधारण २५ लिटर, त्यात अडकतं, तो भरला की पुढचं पाणी टाकीकडे वळतं. बुचाला बारीक भोक ठेवलं, म्हणजे पाऊस थांबल्यावर पाइप आपोआप रिकामा होतो. टाकीच्या तोंडावर दुहेरी मलमल, सगळीकडे डासांची जाळी, टाक्या काळ्या, उजेड आत जाऊ द्यायचा नाही, नाहीतर शेवाळ. प्यायचं उकळूनच.

टाक्या भरल्यावरचं पाणी विहिरीकडे. आधी गाळण्याचा खड्डा: पऱ्यातले (ओढ्यातले) गोटे, खडी, वर नदीची वाळू. गवंडीदादा पुळणीवरची वाळू आणायला निघाले होते. त्यांना थांबवलं. त्या वाळूत शिंपले, पावसाचं आंबूस पाणी त्यातून गेलं की पुन्हा तेच चक्र.

१७ ऑगस्ट

विहीर काठोकाठ, वाकून तांब्या बुडवता येतो. २५०. पंपानंतरही २५०.

१२ ऑक्टोबर

सप्टेंबरअखेर टाक्या एकदा रिकाम्या करून, घासून, शेवटच्या चांगल्या पावसांत पुन्हा भरल्या होत्या. आज त्यांना कुलूप लावलं. स्वयंपाकघरात वेगळा पितळी नळ, त्यावर लेकीनं 'पाऊस' लिहून चिकटवलं आहे. भांडी, आंघोळ, फरशी विहिरीवर. ताक, डाळ, चहा, कडधान्य पावसावर. सगळं पाणी मऊ करायची गरजच नव्हती, पंधरा लिटरची होती.

शेजारच्या काकींनी पन्हळीचं माप नेलं. मुलगा आता बाटली घेऊन फिरतो म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

वर्ष झालं. सकाळी ४०५, पंपानंतर ४१५. गेल्या नोव्हेंबरात ४९०. यंदा पाऊस मेपासून आला आणि दिवाळीनंतरही रेंगाळला, त्यामुळे सगळं श्रेय पंपाला देत नाही. दोन-तीन वर्षांचे आकडे हवेत. ब्युरेट चालू राहील.

प्लंबरदादांना बोलावून गिझर उघडला, बिघडला नसताना. एलिमेंटवर नखानं खरवडता येईल एवढाच पापुद्रा. नळीची वेटोळी स्पष्ट दिसत होती. लिंबूसत्त्वात अर्धा तास ठेवून परत बसवलं.

दुपारी आईंनी काळे वाटाणे शिजवले, पावसाच्या पाण्यात, सोडा न घालता. मी ताटं वाढत होते तेव्हा त्या यजमानांना म्हणाल्या, "विहिरीवरचा रहाटाचा चौथरा अजून आहे ना रे? त्यावरचं तण काढून ठेव."